वाट्याला आलेला शनिवार

दसरा उलटला की माझ्या खाणावळीत दोन प्रकारची माणसं येतात. काहींना बांगडा खायचा असतो आणि काहींना ‘ती मुलगी’ बघायची असते. बांगडा मी देऊ शकते. मुलीचं घर माझ्या कुंपणापलीकडेच आहे, पण ते हल्ली मी सांगेनाशी झाले आहे. परवा पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. सोलकढीचा पहिला घोट घेऊन त्यातल्या बाईंनी विचारलं, “ती तन्वी इथेच राहते ना? व्हिडिओतली?” मी म्हटलं, “शाळेत असेल.” तो रविवार होता. बाई समजूतदार होत्या, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

हा मोसम मला आवडतो. पावसाने आवरतं घेतलेलं असतं. घरामागच्या कुणग्यांत भात पिवळं पडून कापणीला आलेलं असतं. समोरचा दर्या चार महिने आदळआपट करून दमतो आणि निपचित पडतो. दुपारी ऊन असं तापतं की सुरूच्या झाडांनाही वास येतो. वाळूवर जाळी पसरलेली असतात, त्यांना मिठाचा आणि जुन्या मासळीचा वास असतो. परक्या माणसाला तो सोसत नाही, आम्हाला त्याने भूक लागते. सकाळी चहाचं आधण ठेवावं तोवर किनाऱ्यावरून हाळी येते आणि वाडीतलं जे कुणी मोकळं असेल ते हातातलं टाकून वाळूकडे निघतं, कारण रापण ओढायची असते.

रापणीत विशेष काही नाही. होडी जाळं घेऊन आत जाते, पाण्यात मोठा अर्धा गोल घालते आणि परत येते. जाळ्याची दोन टोकं दोन लांब दोरांनी किनाऱ्याला लागतात. मग दोन रांगा करून माणसं ते दोर ओढतात. मागे रेलायचं, टाच वाळूत रुतवायची, एक पाऊल मागे यायचं, पुन्हा रेलायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग पाण्यात जाळ्याचा फुगवटा दिसू लागतो, त्याच्या आधी बगळ्यांना आणि घारींना तो दिसलेला असतो, आणि शेवटी चांदीसारखं काहीतरी तडफडत वाळूवर येतं.

त्यानंतर वाटे पडतात. आमच्या रापणीचा म्होरक्या म्हणजे तांडेल बाबलकाका. तो एका जागी उभा राहून हिशोब करत नाही, बोलत तर त्याहून नाही. टोपली घेऊन चालत जातो आणि वाळूवर मासळीचे ढीग घालत जातो. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि मग ओढणाऱ्यांचे. दोरीला हात लावला त्याला वाटा, एवढाच नियम. हात कितपत जोराने लावला हे तो विचारत नाही. सुट्टीला आलेले लोक हौसेने दोर धरतात, दोन फोटो काढतात, आणि नंतर आपल्या पायापुढे जिवंत बांगडे पडलेले बघून घाबरतात. हॉटेलात त्या बांगड्यांचं काय करायचं हे त्यांना कळत नाही. मग ते पिशवीत घालून माझ्याकडे येतात आणि विचारतात, काकू, हे करून द्याल का. बाबलकाकाला मी एकदा म्हटलं, कशाला देता त्यांना, ते तर खेळत होते. तो म्हणाला, “खेळत ओढली तरी दोरी येता मां?”

तन्वीचा बाप सुहास हा माझ्या नवऱ्याच्या भावकीतला. पूर्वी तो ट्रॉलरवर खलाशी होता. तिथे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि खलाशीपण संपलं. दोर आवळून धरता येईना. फोन मात्र धरता येत होता. तन्वी तेव्हा पहिलीत होती. अंगणात बसून ती मासे साफ करणाऱ्या आईला गजाली सांगत होती, की मांजराने तिला काय सुनावलं आणि मग तिने मांजराला काय सुनावलं. सुहासने ते सहज फोनवर घेतलं आणि इंटरनेटवर चढवलं. मुंबईत राहणाऱ्या आमच्या लोकांना गावची भाषा कानावर पडली की दोन घास जास्त जातात. त्यांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला. मग दुसरा आला, मग तिसरा, मग चॅनेल झालं, चॅनेलला नाव तन्वीचंच. सुहासच्या घरावरचा पत्रा गेला आणि स्लॅब आला. मांजराचा तो व्हिडिओ मीही पुष्कळदा पाहिला आहे. पोर खरंच गोड होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

पण तिथून पुढे त्या मुलीचं लहानपण घरात मावेना. तिचा दात पडला तो आमच्या वाडीला कळायच्या आधी ठाण्याला कळला. तिला ताप आला तर कुठल्या कुठल्या बायका काढा कसा करायचा ते लिहून पाठवायच्या. पाचवीत गेल्यावर तिची भाषा शाळेच्या वळणावर जायला लागली, तर सुहास मध्येच थांबवायचा. “तन्वी, तसा शाळेतला नको बोलू. आपला बोल. परत.” शाळेत बाई नेमकं उलटं सांगायच्या. मुलगी बिचारी दोन्हीकडे दुरुस्त होत राहायची.

मुलांनी काम करू नये असं मी म्हणणार नाही, मला ते शोभणार नाही. आम्ही सगळ्यांनी केलं आहे. सुकत घातलेल्या मासळीपाशी मला काठी घेऊन बसवलेलं असायचं, कावळे हाकलायला. ऊन डोक्यावर यायचं, मला डुलकी लागायची, कावळे आपलं काम उरकून घ्यायचे आणि आई माझ्या नावाने शंख करायची. काम कंटाळवाणं होतं. पण एक होतं, की कावळ्यांना मी हसते की रडते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी तोंड वाकडं करून बसले तरी चालायचं. काम संपलं की संपायचं, आणि मी कुठे गेले, कोणाशी भांडले, कशाला हिरमुसले हे कोणी विचारायला यायचं नाही. तन्वीला मी कधी जड हंडा उचलताना पाहिलं नाही. सुहास म्हणायचा तेही खरंच होतं, “तिका कष्ट थोडेच आसत? बोलूचां तर आसा.” पण तिचं हसणं हेच काम झालं होतं, आणि हसण्याला सुट्टी कधी द्यायची हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

मी सांगते तो मोसम दोन वर्षांपूर्वीचा. तन्वी सातवीत होती आणि तिची धाकटी बहीण स्वरा चार वर्षांची. त्यांची आई काजूच्या कारखान्यात जायची, ती संध्याकाळी यायची. घरात दिवसभर बाप, फोन आणि दोन मुली.

त्या मोसमात एका सकाळी सुहासला रापणीचा व्हिडिओ करायचा होता. तन्वीला पिवळं परकर-पोलकं घातलं होतं, दोन वेण्या, वेण्यांत अबोली. एरवी ती शाळेच्या ट्रॅकपँटमध्ये हुंदडायची. बाबलकाकाने दोन पुरुषांच्या मधली जागा तिला करून दिली. तिने दोर धरला, हसली, ओढल्यासारखं केलं. “परत,” सुहास म्हणाला. ऊन मागून येत होतं, म्हणून तिला दुसऱ्या रांगेत नेलं. “परत. आता हसत ओढ.” रांगेतल्या माणसांना याची सवय होती, ती आपली ओढत होती. असं तीन-चारदा झाल्यावर मुलीच्या मनात काय आलं देव जाणे, तिने हसणं सोडून दिलं आणि खरोखर ओढायला लागली. टाच रुतवली, मागे रेलली, तोंड लाल झालं, अबोली वाळूत पडली. सुहासने फोन खाली केला, कारण ते दिसायला काही बरं नव्हतं. ती मात्र जाळं वर येईपर्यंत थांबली नाही.

जाळं आलं. बाबलकाका टोपली घेऊन निघाला. ढीग पडत गेले आणि एक तन्वीच्या पायापुढे पडला.

“हो कोणाचो?” सुहासने विचारलं.

“ह्या चेडवाचो.”

“काका, ता शूटिंग होतां.”

“मगे? दोरी ओढल्यान मां?”

“ओढल्यान, पण...”

“ओढल्यान तर वाटो पडतलो,” असं म्हणून बाबलकाका पुढच्या माणसाकडे गेला.

कुणी असं समजू नये की बाबलकाकाने सुहासला काही शिकवायला हे केलं. तो तन्वीचे व्हिडिओ आवाज मोठा करून बघतो आणि शेजाऱ्यांना ऐकवतो. त्याने सुट्टीला आलेल्यांना जसा वाटा घातला तसाच हिला घातला. मुलीने मात्र वाकून ढिगाकडे बघितलं आणि मग बापाकडे. “हो माजो?”

“तुजोच गो,” सुहास हसून म्हणाला. “घे, पोलकां खराब करू नको.”

त्या दुपारी ती माझ्या मागच्या दाराशी आली. केळीच्या पानाच्या तुकड्यावर चार बांगडे.

“काकी, हे माज्या वाट्यातले.”

“आणि आवशीक ठेवलंस?”

“ठेवलंय. आजयेक दिलंय. बाबलकाकाच्या मांजराक पण दिलंय.”

तिच्या तोंडावर असा काही भाव होता की मी ते पान दोन्ही हातांनी घेतलं. नंतर तिरफळं घालून त्या बांगड्यांचं तिखलं केलं, आणि ते मी गिऱ्हाइकाला वाढलं नाही. तिच्यामुळे त्या घरात बरंच काही आलं होतं, स्लॅब, फ्रीज, बापाची नवी मोटारसायकल. पण त्यातलं तिने आपल्या हाताने कुणाला काही दिलं असं मला आठवत नाही. देण्यासाठी ते आधी आपलं असावं लागतं, आणि घरात आलेल्या फ्रीजमधला कुठला कप्पा आपला, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी सुहास माझ्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, शूटिंग करायला आला. सकाळी तिथे उजेड चांगला असतो आणि जमीन सारवलेली असते, लोकांना ते आवडतं. तन्वीने माझं बांगड्याचं तिखलं खायचं आणि डोळे मिटून काहीतरी गोड बोलायचं, असा बेत होता. पहिला घास तिने चारदा खाल्ला. दर वेळी मी वाटी भरून दिली. चौथ्या घासानंतर सुहास फोनमध्ये डोकं घालून बसला होता तेव्हा ती म्हणाली, “बाबा, व्हिडिओत माजो वाटो कसो पडता?”

“काय?”

“रापणीत पडलो तसो. व्हिडिओत माजो वाटो खंयचो?”

“गो, सगळां तुजांच मां. मी कोणासाठी करतंय हां?”

“बाबलकाकान येगळो काडून दिल्यान,” ती म्हणाली. “तसो.”

सुहास हसला. त्याला राग आला नव्हता, उलट मुलगी व्यवहाराला आली असंच त्याला वाटलं असावं. “बरां. काय व्हया तुका? सायकल?”

“सायकल नको. माका शनवार व्हयो.”

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी शाळेच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा सराव चालायचा. तन्वीला बाईंनी आदल्या वर्षीच निवडलं होतं. पण शनिवार हा शूटिंगचा दिवस, कारण रविवारी सकाळी माणसं निवांत असतात, तेव्हाचा व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितला जातो. शिवाय कबड्डीत हनुवटी खरचटते, आणि खरचटलेली हनुवटी लोकांना दाखवता येत नाही.

“सगळो शनवार?” सुहासने विचारलं.

“सगळो. तुजो कॅमेरो नको. तू ‘हय ये’ म्हणूचां नाय. माजो.”

सुहासने माझ्याकडे बघितलं. मी वाटीतला उरलेला रस्सा भांड्यात ओतत होते. तो म्हणाला, “घे. दिलो.” माणूस वाईट नव्हता, हे मी त्याच्या तोंडावरही सांगेन आणि मागेही.

त्या संध्याकाळी मी जरा तोऱ्यात होते. शेजाऱ्याच्या घरातली गोष्ट आपण लांबून बघतो तेव्हा येतो तसा तो तोरा होता. माझा मुलगा अथर्व आठवीत होता आणि तासन् तास एका ऑनलाइन गेममध्ये डोकं घालून असायचा. त्या गेममध्ये मुलं स्वतःच गावं, घरं, रस्ते बांधतात आणि जगभरातली मुलं त्यांत येऊन खेळतात. अथर्वने आमचा किनारा बांधला होता. माड, होड्या, वाळू, माझ्या खाणावळीचा लाल पत्रा, सगळं हुबेहूब. पुष्कळ मुलं तिथे येऊन खेळून जातात, असं तो अभिमानाने सांगायचा. भाकऱ्या थापता थापता मी विचारलं, “तुका काय मेळता रे तेचां?”

“कॉइन मेळतत.”

“ते बाजारात चलतत?”

“गेमात चलतत, आये.”

“आणि बाजारात चलणारे कोणाक मेळतत?”

त्याने बोट स्क्रीनवरून उचललं. “गेमवाल्यांका,” तो म्हणाला, आणि पुन्हा आपल्या माडांना पाणी घालायला लागला. पुढची भाकरी माझ्याकडून करपली.

कार्तिकात तन्वीचे शनिवार सुरू झाले. दुपारी उन्हं कलली की कुंपणाच्या कडेने ती धुळीने माखून घरी जायची. गुडघे सोललेले, केसांत गवत, आणि दम धरून ‘कबड्डी कबड्डी’ करून घसा बसलेला. रविवारच्या व्हिडिओत तिचा आवाज घोगरा यायला लागला. मी एकदा नारळ आणायला म्हणून गेले आणि मैदानाच्या दगडी गडग्यापाशी उभी राहिले. बाजूच्या शेतात भात कापून झालं होतं, कापलेल्या पेंढ्याचा कोवळा वास सुटला होता. तन्वी चढाईला गेली आणि पकडली गेली. पाच-सहा मुलींच्या ढिगाखालून तिचे नुसते पाय दिसत होते, आणि ढिगाखालून ती हसत होती. नाकातून आवाज काढत, गुदमरत, तोंड वेडंवाकडं करत. इतक्या वर्षांत एकाही व्हिडिओत मी ते हसणं पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की नारळ घ्यायचे विसरून मी घरी आले.

सुहासचं मात्र बिनसत चाललं होतं. तो माझ्याकडे चहाला यायचा आणि पेल्यात बघत बसायचा. मुलगी उंच झाली होती, पोलकी आखूड पडत होती. मांजराशी भांडणारी तन्वी लोकांना हवी होती आणि ती आता कुठून आणायची. “वयनी,” एकदा तो म्हणाला, “आदली तन्वी खंय गेली, असां इचारतत माका.” हे तो अशा तऱ्हेने म्हणाला की जणू मुलगी खरोखरच हरवली आहे आणि बाप म्हणून ती त्यानेच शोधून द्यायची आहे. मला त्याची कीव आली. ज्याच्या हातून दोर सुटला त्याच्या हाती हे एक आलं होतं, आणि तेही आता मोठं होऊन हातातून जात होतं.

मग एका शनिवारी तो स्वराला घेऊन माझ्या खळ्यात आला. तिला तन्वीचाच पिवळा परकर दुमडून, पिना लावून नेसवला होता. सोबत टोपलीत एक कुर्ली होती, नांग्या बांधलेला मोठा खेकडा. पोरगी पायरीवर बसली, सुहासने कुर्ली तिच्या पायाशी सोडली. ती दचकली, भोकाड पसरलं, आणि कुर्ली उलटी पडून पाय हलवायला लागली तशी खुदकन हसली. सुहासला ते फार आवडलं. “परत,” तो म्हणाला. दुसऱ्या वेळी कुर्ली जवळ यायच्या आधीच स्वरा रडली, आणि योग्य वेळी थांबून हसली.

“कसां हुशार आसा बघ, वयनी,” सुहास म्हणाला.

“सुहास, हिका कित्याक रे?” मी म्हटलं. “केदां ल्हान ता.”

त्याने फोनवरून नजर काढली नाही. “वयनी, तुज्याकडे पावणे येतत ते खंयसून येतत?”

उत्तर खरं होतं. टेबलावर तेव्हा कोल्हापूरचे पाहुणे जेवत होते, ते तन्वीचा व्हिडिओ बघूनच आले होते. मी आत जाऊन भात वाढायला घेतला.

तन्वी सराव संपवून आली ती कुंपणाशीच थांबली. खांद्याला दप्तर, हातात चपला. स्वराला तिसऱ्यांदा पायरीवर बसवलं जात होतं. तन्वीने ते पूर्ण बघितलं, रडणं आणि हसणं. मग खळ्यात आली.

“बाबा, स्वराक घेव नको.”

“गो, तिका आवडता.”

“माका पण आवडलां होतां.”

कुर्ली पायरीखाली शिरायला बघत होती. तन्वीने तिला पायाने अडवून टोपलीत घातलं.

“शनवार परत घे,” ती म्हणाली. “मी करतंय व्हिडिओ. स्वराक सोड.”

“पुढच्या शनवारी तुजो सामनो मां तालुक्याक?”

“तां माजां मी बघतंय. तू हिका सोड. परत कधी घेवचां नाय.”

“बरां गो, बरां,” सुहास म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. नंतर तो मला सांगत होता की तन्वीला घरची काळजी आहे, मोठी मुलगी म्हणून समजतं तिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटे नव्हते. गंमत म्हणजे त्या क्षणी मला सुहासचा राग आला नाही, बाबलकाकाचा आला. नको तिथे त्याने मुलीला दाखवून दिलं होतं की वाटा म्हणजे काय असतो. तिला ते कळलं नसतं तर तो दिवस मागावासा तिला वाटलाही नसता, आणि देऊन टाकावासाही. राग फार टिकला नाही. त्या म्हाताऱ्यावर रागावून काय होणार.

सुहासने शब्द पाळला. स्वरा पुन्हा व्हिडिओत दिसली नाही. तन्वी आता नववीत आहे, आईपेक्षा उंच झाली आहे, कोकणातले पदार्थ करून दाखवते, हसते छान, आणि लोकांनी तिचं मोठं होणं शेवटी मान्य केलं आहे. यंदा रापण पुन्हा सुरू झाली तेव्हा ती तिथे होती, बापाने दाखवलेल्या जागी उभी राहून हसत दोर धरून. कबड्डीचं मी तिच्याकडे विचारत नाही. शाळेचा संघ तिच्याशिवाय खेळतो, कधी जिंकतो, कधी हरतो.

मला आठवतो तो तालुक्याच्या सामन्यांचा शनिवार. सकाळीच मुलींची गाडी आमच्या रस्त्यावरून गेली. मुली खिडक्यांतून हात काढून ओरडत होत्या, आणि कुंपणाशी गाडी जरा हळू झाली. बहुधा ड्रायव्हरला कुणीतरी तसं सांगितलं असावं. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर तन्वी माझ्या दाराशी आली, नव्या परकरात, केसांत फुलं, आणि कडेवर स्वरा.

“काकी, हिका हय ठेवतंय वायच. बाबाचां शूटिंग होयसर,” ती म्हणाली. “मोबाइल देव नको तिका.”

“देवचंय नाय,” मी म्हटलं.

तिने स्वराला पायरीवर ठेवलं, तिच्या परकराची घडी नीट केली आणि मागे न बघता घराकडे गेली. मी भाजी निवडायला बसले. स्वरा बराच वेळ शहाण्यासारखी बसून होती. मग तिने पाय जुळवले, मान एका बाजूला कलती केली आणि मला विचारलं,

“काकी, माका खंय बघूचां?”

“खंय पण बघ गो,” मी म्हटलं. “कोण नाय बघणा तुका.”

तिने माडाकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, टेबलांकडे बघितलं. कुठेच तिचं मन लागेना. शेवटी तिने डोळे माझ्यावर आणून ठेवले आणि हसली, आणि मी पुरे म्हणेपर्यंत ते हसू तिने तसंच धरून ठेवलं.